वाढ आढळली नाही

सोमवारी सकाळी पेटीतून बाटली उचलली तर ती गार लागली नाही. झालं ते एवढंच. पण रोजच्या जिन्याला एक पायरी कमी निघावी तसा माझा हात तिथल्या तिथे थांबला. अकरा वर्षं दर सोमवारी आणि गुरुवारी चार तासांवरच्या त्या खेड्यातल्या हॉस्पिटलातून बसने पेटी येते, आणि अकरा वर्षं मी त्यातून गार बाटली उचलते. बाटलीत फिकट पिवळा रस असतो. तापाने फणफणलेल्या माणसाच्या दंडातून रक्त काढायचं, ते त्या रसात सोडायचं आणि आमच्याकडे पाठवून द्यायचं. रक्तात जंतू असले तर ते त्या रसावर पोसतात, रस गढूळ होतो, आणि मग ते जंतू कोण आणि कोणत्या औषधाने मरतात हे मी शोधते. माझं काम हे एवढंच, आणि आयुष्यभर दुसरं काही केलेलं नाही. पेटी घेऊन आलेल्या बसवाल्याला मी विचारलं, "आज बर्फ नाही टाकला?" तो म्हणाला, "मला काय विचारता? दिली तशी आणली. सही करा लवकर, बस उभी आहे." हा माणूस अकरा वर्षांत एकदाही सरळ बोललेला नाही. मी सही केली, बाटली इन्क्युबेटरच्या उबेत ठेवली आणि हात धुतले.

आमची लॅब म्हणजे एक लांबट खोली. उत्तरेला खिडकी, खिडकीखाली माझं टेबल, टेबलावर मायक्रोस्कोप. माझ्या बरोबरीचे सगळे मोठ्या लॅबमध्ये गेले, तिथे म्हणे बाटली गढूळ झाली की मशीनच शिट्टी मारतं. मलाही बोलावलं होतं. मी गेले नाही, आणि का नाही गेलीस असं कुणी विचारलं तर पगार, अंतर, गुडघे अशी काहीबाही कारणं सांगते. खरं कारण सांगायला लाज वाटते. मला बाटली उजेडासमोर धरून बघायला आवडतं. प्लेट उघडल्यावर येणारा तो दमट वास आवडतो, जो माझ्या केसांना येतो म्हणून आमचे हे नाक मुरडतात. मी इथे सुखात आहे. माणसाने कामाच्या ठिकाणी सुखात असणं लोकांना जरा संशयास्पद वाटतं, म्हणून मी येता-जाता कुरकुर करत असते. आमचे हे छापखान्यात मुद्रितं तपासायचे, आता घरी असतात, दुसऱ्यांच्या चुका काढायची सवय मात्र सुटलेली नाही. ते म्हणतात, "तू त्यांना खाऊ घालून वाढवतेस आणि मग विष घालून मारतेस. सासवासुद्धा असं करत नाहीत." मी म्हणते, तुम्ही तुमची भाजी निवडा.

बाटलीबरोबरच्या चिठ्ठीवर सिस्टरचं अक्षर होतं, गोल, शाळेत शिकवतात तसं. स्त्री, वय तेवीस, बाळंतपण होऊन आठ दिवस, चार दिवस ताप, थंडी वाजते, नेहमीचं इंजेक्शन चालू. या सिस्टरना मी कधी पाहिलेलं नाही. अकरा वर्षं फोनवर बोलतोय. त्या मला ताई म्हणतात, मी त्यांना सिस्टर म्हणते, त्यांच्या मुलीच्या परीक्षा मला ठाऊक आणि माझे गुडघे त्यांना ठाऊक. 'नेहमीचं इंजेक्शन' वाचून मी हमखास चिडते. ताप आला की पहिल्या तासाला ते टोचायचं, मग रक्त काढायचं, म्हणजे जंतू अर्धमेले, बाटलीत काय कपाळ वाढणार. हे मी सिस्टरना पूर्वी अनेकदा सांगितलं. त्या म्हणायच्या, "ताई, नातेवाईक समोर उभे असतात. आधी सुई दिसली पाहिजे त्यांना." मग मीही सांगायचं सोडून दिलं. त्या हॉस्पिटलच्या रिपोर्टवर मी एकच ओळ लिहीत आले, वाढ आढळली नाही. लिहिताना कधीकधी बरंही वाटायचं. चला, खेडं आहे, मोकळी हवा आहे, या लोकांच्या रक्तात काही नाही. असं वाटायचं मला, खरंच.

साडेबारा वाजता सवयीने इन्क्युबेटर उघडला. इतक्यात काही दिसणार नव्हतं, पण मला बघितल्याशिवाय जेवण जात नाही. बाटली उजेडासमोर धरली आणि पलीकडची खिडकीची चौकट दिसेना. रस धुरकट झाला होता. मी ती हलवली, पुन्हा बघितली. जेवण राहिलं. थेंबभर रस काचेवर घेतला, रंगवला, मायक्रोस्कोपखाली धरला, आणि त्या होत्या. गुलाबी काड्या, आखूड, गिजबिजलेल्या. मला आनंद झाला. कुण्या बाळंतिणीच्या रक्तात जंतू सापडले आणि या बाईला आनंद झाला, असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. जो दिसतो त्याच्याशी भांडता येतं. आणि हा चांगलाच दांडगा दिसत होता, चार दिवसांच्या इंजेक्शनला भीक न घालता वाढला होता. म्हणजे ती बाई चार दिवस जे टोचून घेत होती ते फुकट होतं. माझा आनंद तिथे संपला आणि मी फोन उचलला.

"ताई, आधी माफी मागते," मी काही बोलायच्या आत सिस्टर म्हणाल्या. "बाटली खराब झाली ना? आमचा फ्रिज शुक्रवारी बंद पडला. लसी शेजारच्या केंद्रात पाठवल्या, पण बाटली कुठे ठेवणार? काल संध्याकाळी रक्त काढलं आणि रात्रभर टेबलावरच राहिली. इथे उकडतंय किती."

"नेहमी कुठे ठेवता?" मी विचारलं.

"फ्रिजमध्येच की. बस येईपर्यंत. शुक्रवारी काढलं तर सोमवारपर्यंत ठेवावं लागतं. मी दारात नाही हं ठेवत, आत ठेवते, अगदी वरच्या कप्प्यात, बर्फाजवळ. माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही."

मी खुर्चीवर बसले. ही बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नसते. थंडीने त्यातले नाजूक जंतू मरतात, राहिलेले हातपाय आखडून बसतात. रक्त, लघवी, लस, सगळं थंड ठेवायचं आणि ही एक बाटली मात्र नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलीचं ज्ञान. मला ते येत होतं. बाटली गार येते हेही माझ्या हाताला कळत होतं. मी धरून चालले होते की पेटीत इतर नळ्यांसाठी बर्फ असतो, चार तासांच्या प्रवासात गार झाली असेल, त्याने एवढं बिघडत नाही. सिस्टरना मी माझ्या गुडघ्यांबद्दल सांगितलं, सुनेशी झालेल्या भांडणाबद्दल सांगितलं. बाटली पेटीत घालण्याआधी कुठे ठेवता, हे विचारलं नाही. फोनवर मात्र मी एवढंच म्हणाले, "बाटली चांगली आहे सिस्टर. त्यात जंतू वाढलाय. नेहमीच्या इंजेक्शनने तो मरत नसावा. डॉक्टरांना सांगा, संध्याकाळपर्यंत मी कळवते." भित्री आहे मी. तेव्हाच सगळं बोलायला हवं होतं.

मग प्लेट केली. काचेच्या ताटलीत जंतूंच्या खाऊची घट्ट, सपाट खळ असते, त्यावर तो गढूळ रस सारखा पसरायचा आणि वर औषधांच्या कागदी चकत्या मांडायच्या, टिकलीएवढ्या. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ गोल राहतो. पडत नसेल तर ते चकतीला येऊन भिडतात. चिमट्याने एक-एक चकती ठेवताना मला आई आठवली. आमच्या आईकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात उरलेल्या कॅप्सुली असायच्या. लाल-काळ्या, पिवळ्या, अर्ध्या पाकिटातल्या. ताप उतरला की आई आम्हाला उरलेल्या घेऊ द्यायची नाही. "बरं वाटतंय ना, मग कशाला? ठेव, कुणाच्या तरी उपयोगी पडतील." आणि पडायच्याही. शेजारच्या काकूंचा घसा, दूधवाल्याचं पोट, मोलकरणीच्या मुलाचा कान, आई सगळ्यांना त्यातून दोन-दोन काढून द्यायची. कुणाला नाही म्हणाली नाही कधी. गल्लीत तिला केवढा मान होता! मी या शास्त्राचा अभ्यास करायला लागले आणि एका सुट्टीत तो डबा कचऱ्यात ओतला, वर आईला भाषण दिलं. दोन-दोन गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, फक्त शहाणे होतात. आई ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला कुणी सांगितलंच नाही ग." तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि मला फार बरं वाटलं होतं, आपल्याला माहीत आहे आणि आईला नाही याचं. आता हातात चिमटा धरून ते वाक्य आठवलं, आणि ते सिस्टरच्या आवाजात ऐकू आलं.

तीन वाजता तिथल्या डॉक्टरांचा फोन आला. नवीन आलेत, आवाजावरून पोरसवदा, पण घाईघाईत बोलताना शब्द गिळतात त्यावरून दोन दिवस झोपले नसावेत. ते म्हणाले, "ताई, तिचं ब्लड प्रेशर खाली येतंय. सलाईन चालू आहे. असल्या दांडग्या जंतूंवरचं मोठं इंजेक्शन आमच्याकडे नाही, ते शहरातच मिळेल. मी तिला पाच वाजता गाडीत घालून पाठवतो." मी विचारलं, चार तासांचा रस्ता झेपेल का. "माहीत नाही," म्हणाले. "इथे ठेवलं तरी माहीत नाही." मला हा मुलगा आवडला. ज्याला माहीत नाही असं म्हणता येतं तो माणूस मला आवडतो. मी म्हणाले, "साडेसहापर्यंत थांबा. मी वाचून सांगते. तुमच्याच कपाटात काही निघालं तर गाडीत घालायला नको." बोलून बसले आणि मग हिशोब केला. प्लेट वाचायची म्हणजे रात्रभर ठेवून, अठरा तासांनी. साडेसहापर्यंत जेमतेम साडेपाच तास होणार होते. आणि तो दीड तास कुणाचा होता? माझा नव्हता.

मॅडमच्या केबिनमध्ये गेले. मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर, रिपोर्टवर सही त्यांची. वयाने माझ्याहून लहान, बोलायला कमी. सगळं सांगितलं, फ्रिजसकट. फ्रिजचं ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. म्हणाल्या, "ते आपण उद्या बघू. आज ही एक बघा. थेट बाटलीतून लावलेली प्लेट लवकर वाचता येते, कच्चा अंदाज म्हणून. दोघी मिळून वाचू. मी कुठे जात नाही." एवढंच बोलल्या आणि मला इतकं बरं वाटलं की बाहेर येऊन मी उगाचच नळ घट्ट केला. माझी खात्री आहे, जगात अशी थोडी माणसं असतात म्हणून बाकीच्यांना काम करता येतं. साडेतीनला आमच्या ह्यांचा फोन, डबा तसाच परत आणू नकोस. म्हटलं, आज उशीर होईल. ते म्हणाले, "कोण आजारी आहे?" म्हटलं, मला नाव माहीत नाही. ते म्हणाले, "बरं, मग ये तिला बरं करून." फोन ठेवल्यावर मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं, काहीच्या काही.

दुपार लांबली. दुसऱ्या बाटल्या होत्या, लघव्या होत्या, थुंक्या होत्या, हात चालत होते. मन मात्र त्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात जाऊन बसलं होतं. अकरा वर्षांच्या बाटल्या तिथे ओळीने उभ्या दिसायच्या, सिस्टरनी काळजीने पुसून ठेवलेल्या, गोल अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेल्या. पुरुष, वय साठ. मुलगा, वय चार. आणि प्रत्येकीखाली माझं अक्षर, वाढ आढळली नाही. तिथल्या डॉक्टरांनी ते वाचलं असेल आणि म्हटलं असेल, चला, रक्तात काही नाही. मग इंजेक्शन बदललं नसेल, किंवा उगाचच चार बदलली असतील. माझ्या टेबलासमोर, याच खुर्चीत बसून मी ते लिहिलं, आणि चहा प्याले. मला पस्तावा वाटत होता का? हो, वाटत होता. पण त्याच वेळी, कबूल करते, हातातलं काम नीट होत होतं आणि ते नीट होतंय याचं समाधानही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं हे मला पूर्वी ठाऊक नव्हतं.

साडेसहाला मॅडम टेबलापाशी आल्या. मी प्लेट बाहेर काढली, झाकण उचललं, काळ्या कागदावर तिरकी धरली. जंतूंची विरळ साय धरली होती, दिसेल न दिसेल अशी. पहिली चकती, नेहमीचं इंजेक्शन, साय अगदी काठाला भिडलेली. दुसरी, तिसरी, तेच. चौथी तेच. पाचव्या चकतीशी मॅडम म्हणाल्या, "ही बघा." भोवती गोल होता. पट्टी लावली, फिरवून पुन्हा लावली. चांगला ऐसपैस गोल. जेंटामायसिन, आमच्या लहानपणीचं औषध, स्वस्त, जुनं, आता कुणी फारसं लिहीत नाही म्हणून जंतूंच्याही विस्मरणात गेलेलं असावं. मोठ्या इंजेक्शनभोवतीही गोल होता, पण ते चार तास लांब होतं. मॅडम म्हणाल्या, "फोन लावा. मी बोलते डोसचं."

"जेंटा?" डॉक्टर म्हणाले. "एकटं? तेवढ्यावर सोडू?" मॅडमनी वजन विचारलं, लघवी किती होते ते विचारलं, किडनीचं बघून किती द्यायचं ते सांगितलं, हा कच्चा अंदाज आहे हेही दोनदा सांगितलं. मोठं इंजेक्शन पहाटे गाडीने पाठवते, तोवर हे द्या. मागे सिस्टरचा आवाज आला, "आहे, आहे. खालच्या खणात आहे, मागच्या बाजूला. तारीख बघते." मग कपाटाचा आवाज, मग काचेच्या कुप्यांचा. "तारीख आहे," सिस्टर म्हणाल्या. डॉक्टरांनी विचारलं, "मग गाडी थांबवू?" मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मॅडम म्हणाल्या, "थांबवा."

घरी चालत गेले. रस्त्यावर दुकानांचे दिवे लागले होते, एक बाई कुत्र्याला दटावत होती, कुणीतरी खिडकीत गालिचा झटकत होतं. आपण मान हलवली, असं मला सारखं वाटत होतं. चुकलं तर? सकाळी प्लेटवर तो गोल तसा नसला तर? आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मीही एकदा एका पुस्तकात पान उलटं जाऊ दिलं होतं. हजार प्रती." मी म्हटलं, पान उलटं आणि हे सारखं आहे का? ते म्हणाले, "नाही. पण मला दुसरं काही सांगता येत नाही." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बसले.

मंगळवारी सकाळी गोल तसाच होता, उलट जरा स्पष्टच. अकराला सिस्टरचा फोन आला. ताप अजून आहे, प्रेशर मात्र खाली गेलं नाही, मोठं इंजेक्शनही पोचलं. "आणि ताई, फ्रिजवाला आलाय. दुपारपर्यंत सुरू होईल. म्हणजे आता बाटल्या पुन्हा नीट ठेवता येतील."

"बाटल्या ठेवू नका त्यात," मी म्हणाले. आणि मग सांगितलं. सरळ सांगितलं, काही मागे ठेवलं नाही. पलीकडे कपाट लावल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"म्हणजे आधीच्या," सिस्टर म्हणाल्या.

"हो."

"सगळ्या?"

"किती ते सांगता येणार नाही. पण काहींमध्ये असणार."

"मी तर खराब होऊ नये म्हणून ठेवायची हो."

"मला माहीत आहे."

"तुम्हाला गार लागायच्या ना?"

"लागायच्या. वाटायचं, पेटीतल्या बर्फाने. विचारलं नाही मी."

मला वाटलं, आता त्या फोन ठेवतील आणि आमचं हे अकरा वर्षांचं संपेल. मग त्यांनी नाक ओढलं. म्हणाल्या, "सांगा. नीट सांगा. रक्त कधी काढायचं, कुठे ठेवायचं, किती वेळ. मी लिहून घेते आणि भिंतीवर लावते." मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या, मध्येच 'हळू, ताई' म्हणत. इंजेक्शनच्या आधी. फ्रिजबाहेर, खोलीतच, टेबलावर, सावलीत. त्याच दिवसाच्या बसने, बस नसेल त्या दिवशी मॅडम गाडी पाठवतील, तसं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "नातेवाईकांना मी बघून घेते. आधी सुई पाहिजे म्हणतात, तर रक्त काढायलाही सुईच लागते." तेव्हा कुठे आम्ही दोघी हसलो, थोडंच.

बुधवारी फोन आला नाही. मी केला नाही. धीर झाला नाही हे खरं.

गुरुवारी दुपारी दोन वाजता फोन वाजला. मी प्लेटा मांडत होते, खांद्याने फोन कानाशी दाबला. सिस्टर कुजबुजल्यासारखं बोलल्या, "ताई, काल सकाळपासून ताप नाही. बाळाला घेतलंय तिने. मी तिला सांगितलं की शहरात एक ताई आहेत, त्यांनी तुझा जंतू शोधला. ती म्हणते, मला बोलू दे. थांबा, देते." मी नको नको म्हणत होते, मला पेशंटशी बोलता येत नाही, मी त्यांना कधी पाहतच नाही. तेवढ्यात फोन हातातून हातात गेल्याचा खरखराट झाला. मग नुसता श्वास ऐकू आला, आणि त्यामागे लहान मुलाचं चुटूचुटू दूध ओढणं. टेबलाची कड धरून मी उभी होते.

"हॅलो," ती म्हणाली. आवाज बारीक, थकलेला. आणि मग कुणालाही विचारावं तसं तिने विचारलं, "जेवलात का?"

"नाही अजून," मी म्हणाले.

"दोन वाजले की," ती म्हणाली. "आधी जेवून घ्या."